टाच आणि ताबा

माझी मावशी कोर्टात भाषांतरकार होती. साहेबांचे हुकूम इंग्रजीत निघत आणि ज्यांना ते बजावायचे ती माणसं मराठी वाचणारी, त्यामुळे प्रत्येक कागद मावशीच्या टेबलावरून जायचा. एकतीस वर्षं तिने हेच केलं. ऑफिसात तिला 'डिक्शनरीबाई' म्हणत, आणि तिलाही ते मनातून आवडायचं.

घेण्या-बळकावण्याच्या इंग्रजी शब्दांवर तिचा विशेष जीव. ग्रॅब म्हणजे झडप घालणं, त्यात कायदा नाही, नुसता हात. सीझ म्हणजे जप्त करणं, तिथे हाताच्या मागे हुकूम असतो. पझेशन म्हणजे ताबा. आतला माणूस बाहेर आणि किल्ली दुसऱ्याच्या हातात. आणि अटॅच म्हणजे टाच आणणं. त्यात जागा जागेवरच राहते, माणूसही आत राहतो, फक्त मालकाला ती विकता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती हे नव्या कारकुनांना समजावून सांगायची. एकदा त्यातल्या एकाने विचारलं, टाच म्हणजे पायाची का? सगळे पोट धरून हसले. मावशीही हसली, पण हा शब्द आता कुणाला कळत नाही, हे तिच्या मनात रुतून बसलं.

पुढच्याच आठवड्यात दोन भावांच्या भांडणातला एक हुकूम आला. बाजारातल्या एका गाळ्यावर दोघंही हक्क सांगत होते. निकाल लागेपर्यंत कुणी तो परस्पर विकू नये म्हणून साहेबांनी गाळा अटॅच करायला सांगितलं होतं. आत कोण भाडेकरू आहे ते कागदावर नव्हतं, नुसता नंबर होता. मावशीने 'टाच आणावी' असं लिहिलं, मग खोडलं आणि लोकांना कळेल असं लिहिलं, 'ताब्यात घ्यावा.' दुसऱ्यांना शिकवलेला फरक त्या घटकेला तिच्याच डोक्यातून कसा पुसला गेला, हे तिला आजही सांगता येत नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आजीला घेऊन कवळीवाल्याकडे गेली. आजीच्या दातांचं माप महिन्यापूर्वी दिलं होतं, कवळी तयार झाल्याचा निरोप होता. दोघी कोपऱ्यावर वळल्या आणि मावशी थांबली.

फूटपाथवर ओळीने जबडे मांडलेले होते. प्लास्टरचे पांढरे साचे, वरचे, खालचे, प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव. लोक त्यांना वळसा घालून चालले होते. काही साचे फुटून त्यांचा चुरा झाला होता. शेजारी उलट्या स्टुलावर म्हातारा कवळीवाला मांडीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. गाळ्याच्या शटरला कोर्टाचा बेलीफ सील लावत होता. तो मावशीच्या ओळखीचा, सरळ माणूस.

मावशीने त्याच्याकडे हुकूम मागितला आणि वाचला. अक्षर टाइपाचं होतं, पण वाक्य तिचं होतं. गाळा त्या दोन भावांचाच होता.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "नुसती टाच आणायची होती."

बेलीफ गोंधळला. "ताई, यात 'ताब्यात घ्यावा' असं स्वच्छ लिहिलंय. खाली भाषांतरकार म्हणून सही तुमचीच आहे ना?"

आजीला यातलं काही कळलं नव्हतं. बोळक्या तोंडाने ती एवढंच म्हणाली, "अगं, माझे दात कुठंयत त्यात?"

मावशीने आजीला रिक्षात बसवून घरी धाडलं आणि तडक कोर्ट गाठलं. हेडक्लार्कने दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात सुचवलं, की टायपिस्टची चूक म्हणून टाकू, दोन ओळींचं पत्र पुरे. टायपिस्टला कोर्टात लागून पुरते सहा महिनेही झाले नव्हते. मावशी तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेली आणि इंग्रजी हुकूम व आपलं मराठी शेजारी शेजारी ठेवून म्हणाली, "साहेब, चूक माझी आहे. त्या माणसाला आजच परत आत बसवा."

साहेबांनी दोन्ही कागद पाहिले. मराठी कागदावर खाली त्यांचीही सही होती.

"मी तुमचं मराठी कधी वाचतच नाही," ते म्हणाले. "तुम्ही लिहिता म्हणजे बरोबरच असणार."

मावशी म्हणते, फूटपाथपेक्षा जास्त धक्का तिला या वाक्याने बसला. एकतीस वर्षं तिच्या मागे तपासणारं कुणीच उभं नव्हतं.

त्याच दुपारी सील निघालं. बेलीफ, मावशी आणि कवळीवाला यांनी साचे एकेक करून आत नेले. चाळीसेक फुटले होते. त्या माणसांना पुन्हा बोलावून मापं घ्यावी लागली. आजीचाही वरचा साचा त्यावरच्या तयार कवळीसकट फुटला होता. मावशीने माफी मागितली तेव्हा कवळीवाल्याने मान हलवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. आजीची कवळी त्याने पुढे नीट करून दिली, ती मात्र आजीच्या हातात. मावशीशी तो पुन्हा कधी बोलला नाही.

चौकशी झाली, ठपका आला, आणि मावशीची बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं तिने तिथेच जुने गठ्ठे बांधले. त्या काळात तिने आपले जुने कागद काढून, इंग्रजी आणि मराठी समोरासमोर धरून तपासायला घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. तिला अजून तीन चुका सापडल्या. तिन्ही हुकूम कधीच बजावून झाले होते.