फोनची भिशी

वानखेडे काकांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, मजलाही विचारला नाही. लिफ्टमध्ये माझ्या हातातल्या फोनकडे बघत म्हणाले, "ताई, हा उघडते काय?"

"पासवर्ड टाकला की उघडतो," मी म्हटलं. माझा जन्म सदाशिव पेठेतला. अनोळखी माणसाला एवढं उत्तर दिलं म्हणजे आमच्याकडे पाहुणचारच झाला.

"तसा नाही हो. पेचकसानं?"

आणि खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी स्वतःचा फोन तिथल्या तिथे उघडून दाखवला. बॅटरी एका हातात, कॅमेरा दुसऱ्या हातात. तेवढ्यात सातवा मजला आला, दार उघडलं आणि एक स्क्रू लिफ्टच्या फटीत गेला. तो शोधायला मी टॉर्च धरला, आणि आमची ओळख झाली.

काका मूळचे अकोल्याचे, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. मुलाजवळ राहायचं म्हणून काकूंना घेऊन वाघोलीत आले, आणि वर्षभरात मुलालाच कंपनीनं युरोपात पाठवलं. पहिल्या सुट्टीत त्यानं तिकडच्या एका छोट्या कंपनीचा फोन बाबांना आणून दिला. त्याचा प्रत्येक भाग सुटा. काच फुटली तर काच बदला, बॅटरी दमली तर बॅटरी बदला, पुढे चांगला कॅमेरा निघाला तर तेवढाच आणून बसवा. काका हरखून गेले. "जे उघडत नाही ना बाप्पा, ते आपलं नसते," असं येताजाता ऐकवू लागले.

पण एकट्यानं मजा करणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी कुलकर्णी, शेख आणि आम्ही अशा तीन घरांना मुलाकरवी तोच फोन मागवायला लावला आणि भिशी काढली. एक जादा स्क्रीन, दोन बॅटऱ्या आणि एक भारी कॅमेरा चौघांत मिळून घेतला. मुक्काम काकांकडे, चकलीच्या डब्यात. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं कॅमेरा न्यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत आणायचा. रविवारी काकूंचे आलूबोंडे असायचे, त्यामुळे कॅमेरा कधीच उशिरा परत आला नाही.

आता फोनबद्दल खरं सांगायचं तर, तो इतका जाड होता की पर्सला पोक यायचं. हातातून पडला की त्याचे भाग सोफ्याखालून गोळा करावे लागायचे. माझ्या भाच्याच्या मुंजीला काकांनी स्वतः भारी कॅमेरा बसवून दिला, पण तो नीट दाबला गेला नाही. शूटिंग करणाऱ्या मामांना वाटलं, उन्हामुळे पडद्यावर दिसत नाहीये. अख्ख्या मुंजीत चित्र काळं आणि आवाज मात्र खणखणीत. मातृभोजनाला कुणीतरी "अगं, तिला तूप वाढ" म्हणतंय, एवढंच आमच्या हाती लागलं. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आवाज तर झकास आला ना, ताई!"

खरा घोळ पुढेच झाला. कंपनीनं नवं मॉडेल काढलं, आणि त्याचा कॅमेरा आमच्या फोनमध्ये बसेना. मग जुन्याच्या बॅटऱ्याही मिळेनाशा झाल्या. आधी कुलकर्ण्यांनी चकचकीत नवा फोन घेतला, मग शेखांनी, मग मी. जो तो आपला जुना फोन सुट्या भागांसाठी काकांना देऊन आला. डबा भरला आणि रविवार रिकामा झाला. मी माझा फोन द्यायला गेले तेव्हा काकूंनी सवयीनं दहा माणसांचे आलूबोंडे तळून ठेवले होते.

"फोनचं काही नाही, ताई," काका म्हणाले. "आता बिघडला का फोन दुकानात जाते. तवा माह्या घरी माणूस येत होता."

मला फार वाईट वाटलं. मुलगा सातासमुद्रापार, शहरात ओळखीचं कुणी नाही, आणि या माणसानं एका जाडजूड फोनच्या जिवावर तीन घरं जोडली होती. ती आता सुटत चालली होती.

पुढच्या रविवारी मी मिक्सर घेऊन गेले. बाकीच्या दोन घरांशी मी आधीच बोलले होते. शेख इस्त्री घेऊन आले, कुलकर्णी भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. माझ्या मिक्सरला खरं तर काहीही झालेलं नव्हतं. काकांनी उघडला आणि तेव्हापासून तो बंद पडला. "येत्या रविवारी पाहू," ते म्हणाले. असे पुष्कळ रविवार पाहिले.

गेल्या वर्षी मुलानं तिकडेच कायम राहायचं ठरवलं. वाघोलीतलं घर विकलं आणि काका-काकू अकोल्याला परत गेले. निघताना काकांनी मिक्सर माझ्या हवाली केला. "तुमचं काम राह्यलं ताई," म्हणाले. नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी नवा मिक्सर आणला आणि जुना भंगारात द्यायला काढला. मी देऊ दिला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन घरांनी मिळून गाडी केली. मागे सगळ्यांच्या बॅगा कोंबल्या होत्या, पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी मिक्सर मांडीवर घेऊन अकोल्यापर्यंत गेले.