सुलभाला वाचा फुटली तेव्हा

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला हसूच आलं... एवढी बडबडी बाई गप्प झाली, यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि हीच सुलभा एके काळी न बोलण्यापायी नर्सिंगच्या शिक्षणातून घरी परतणार होती, हे आज कुणाला पटणार नाही.

उदारीकरणाचे दिवस होते. फरीदाबादेत नवनवे सेक्टर उभे राहत होते, खासगी हॉस्पिटलं निघत होती आणि आमच्यासारख्या नोकरदार मराठी घरांतल्या मुलींना नर्सिंगमध्ये नोकरी दिसू लागली होती. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही दोघी. तिथे सुलभाच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. पण पेशंटच्या कॉटपाशी गेली की शब्द फुटायचा नाही. काम चोख, पण मुक्यानं. पेशंटच घाबरायचे, "यह लड़की बोलती क्यों नहीं? मुझे कुछ ज़्यादा हुआ है क्या?" शेवटी ट्यूटर मॅडमनी बजावलं, "कल भी चुप रहीं तो सामान बाँध लेना." गाझियाबादच्या कारखान्यात ओव्हरटाइम करून वडील तिला शिकवत होते. ती त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही.

"अगं, माझ्याशी बोलतेस तसंच बोल ना," मी म्हटलं.

"तू काय आजारी आहेस का?" ती माझ्यावरच उखडली.

दुसऱ्या दिवशी बायकांचा वॉर्ड. मॅडम दारात उभ्या. सुलभा मान खाली घालून पहिल्याच कॉटपाशी गेली, "आपका बीपी देख रही हूँ, घबराइए नहीं," असं पाठ केलेलं एका दमात म्हणाली आणि समोरच्या दंडाला पट्टा बांधून मोकळी झाली. तेवढ्यात बाथरूममधून एक आजीबाई बाहेर आल्या. "अरी बेटी, बीमार तो मैं हूँ! यह मेरा दामाद है, ज़रा कमर सीधी कर रहा था."

बायकांच्या वॉर्डात मिशीवाला पेशंट! आणि पाठ टेकायला कॉटवर आडव्या झालेल्या जावईबापूंनी निमूट हात पुढे केलेला... सगळा वॉर्ड खदखदून हसला. सुलभा आधी लालबुंद झाली, मग तिलाही हसू आवरेना. हसता हसताच तिनं आजींना विचारलं, "अम्मा, आपका नाम क्या है?" आणि जी सुटली ती सुटलीच. नातवंडांपर्यंत चौकशी झाल्यावर मॅडमच म्हणाल्या, "अब बस भी करो, और मरीज़ भी हैं."

पुढे सिस्टर झाल्यावर प्रत्येक नव्या मुलीला ती ही फजिती रंगवून सांगायची. आधी नाव विचार, काय करणार ते सांग, मगच हात लाव, हे तिचं ठरलेलं होतं.

परवा तिच्या घरी गेले. तिचे यजमान, प्रकाशभाऊजी, शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होते. हॉस्पिटलात एक नवखी नर्स होती, पेशंटशी बोलायची नाही. सुलभानं त्या आजारपणातही जावईबापूंची गोष्ट सांगून तिला हसवलं, बोलतं केलं. सगळं संपल्यावर तीच मुलगी सलाइन काढायला आली.

"खोलीत मी एकटाच होतो," भाऊजी म्हणाले. "ती पोर सुलभाच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, 'दीदी, अब सुई निकाल रही हूँ... ज़रा-सा चुभेगा.'"