चिंबोरी भीत न्हाय

मी शाळेत जितकी गोड आहे तितकी घरी नाही, हे आधीच कबूल करून टाकते. माझे विद्यार्थी हे ऐकून हसतील म्हणा, त्यांच्या मते मी शाळेतही फारशी गोड नाही.

शाळा आगरदांड्याच्या बाजूला, कोळीवाड्याला लागून. दर शनिवारी शेवटच्या तासाला मी एक गोष्ट मोठ्याने वाचते आणि ऐन रंगात आली की पुस्तक मिटते. "बाई, पुढं काय झालं?" असा गलका होतो. "मला काय विचारता? पुस्तकाला विचारा," म्हणायचं, पुस्तक टेबलावर ठेवायचं आणि हजेरीपटात डोकं खुपसायचं. मग पुस्तकावर अशी झोंबाझोंबी होते की विचारू नका! पुस्तकं घरोघर जातात आणि सुकटीचा वास घेऊन परत येतात. आमचं मांजर माझ्या पिशवीवर जीव टाकतं, ते काही माझ्या प्रेमापोटी नव्हे.

घरी मात्र वेगळीच तऱ्हा. मी अलिबागला वाढलेली, शुद्ध बोलण्याची भारी हौस. सासर आतल्या भातशेतीच्या गावातलं. सकाळी डबे भरून मी एसटी पकडायला पळते, त्यामुळे मुलीला वाढवलं ते सासूबाईंनीच. साहजिकच तिच्या तोंडी त्यांचंच हाय, न्हाय, व्हय.

तिसरीत गेल्यावर ती संध्याकाळी ओट्याजवळ पाट घेऊन बसायची आणि मी भाकऱ्या थापत असताना मला वाचून दाखवायची. मी ऐकायचे? छे! चुका काढायचे. "न्हाय नाही गं, नाही!"

"नाही नाही, का न्हाय न्हाय?" ती बिचारी गोंधळून विचारायची.

एक दिवस माझा पारा चढला. "शिक्षिकेची मुलगी ना तू? लोक काय म्हणतील मला?" तिने पुस्तक मिटलं, पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि उठून गेली. त्यानंतर तिने घरात पुस्तकाला हात लावला नाही. मी जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, "मला वाचायला आवडत न्हाय." त्यातला न्हाय मुद्दाम ठासून.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोर गोष्ट वाचीत व्हती, तू परीक्षा घेत व्हतीस. आनि माझं बोलनं येवडं वायट हाय, तर पोर माझ्याकडं ठेवतेस कशाला?"

मी ओट्याकडे वळले. तव्यावरची भाकरी करपली होती.

खरंच सांगते, मी घाबरले होते. दुसऱ्यांच्या पोरांना पुस्तकाचं वेड लावणारी मी, आणि माझीच पोर माझ्यामुळे पुस्तकाला पाठ फिरवून बसली होती. नवी पुस्तकं आणली, मिनतवाऱ्या केल्या. नवऱ्याने वाचून दाखवायचं मनावर घेतलं, तर तोच पहिल्या पानावर घोरायला लागला.

मग एका शनिवारी सासूबाई भाचीच्या हळदीला गेल्या. मुलीच्या शाळेला सुट्टी होती, तेव्हा तिला माझ्याबरोबर एसटीत घातलं. वर्गात ती पहिल्या रांगेत बसली, कोळ्यांच्या पोरींमध्ये, तोंड फुगवूनच.

त्या दिवशी गोष्ट होती एका खेकड्याची. किनाऱ्यावरच्या कुत्र्याला त्याच्या बिळाशेजारी ताणून द्यायची असते, आणि हा खेकडा म्हणतो, माझं घर, मी हलणार नाही. कुत्रा गुरगुरला तिथे मी पुस्तक मिटलं. नेहमीसारखी झोंबाझोंबी सुरू झाली. तेवढ्यात एक चुणचुणीत पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थांबा रं! ही पावनी हाय. पयला मान पावनीचा. वाच गो तू!"

पाहुणीचा मान म्हटल्यावर सगळ्यांनी पुस्तक सोडलं. माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मी झटकन हजेरीपटात डोकं घातलं. एकाच रकान्याची बेरीज तीनदा केली.

पुस्तकात होतं, 'खेकडा म्हणाला, मी कोणालाही भीत नाही.' आणि माझी लेक वाचती झाली, "चिंबोरी म्हनली, मी कोनाला भीत न्हाय!"

वर्गात असा काही हशा फुटला! "परत! परत वाच!" त्यांच्या चिंबोरीला पुस्तकात कोणी खेकडा केलं होतं, ती आज त्यांच्यासारखी बोलत होती. माझ्या जिभेवर सवयीने 'नाही' आलं. मी पेनाचं टोपण दातात धरलं. तिने आवाज चढवला, मान वेळावली आणि कुत्र्याला फैलावर घेतलं. अगं बाई! ही तर हुबेहूब माझी सासू! मी इतकी हसले की हजेरीपट ओला झाला. त्यातलं सगळंच पाणी काही हसण्याचं नव्हतं.

कुत्र्याने बिळात नाक घातलं आणि घंटा झाली. पोरांनी पुस्तक पाहुणीला घरी न्यायला दिलं, पण बजावून. "सोमवारी बाईंकडं परत धाड. आमची गोष्ट राहिलीय."

संध्याकाळी सासूबाई हळदीहून आल्या, तर लुगडं बदलायच्या आधीच लेकीने त्यांना पाटावर बसवलं आणि गोष्ट पहिल्यापासून वाचली. "बया बया, माझ्यावानी बोलते गो ही चिंबोरी!" सासूबाई मांडीवर थापा मारून हसत होत्या. मी पाठमोरी भाकऱ्या थापत होते, मध्ये एक शब्द बोलले नाही. कुत्र्याचं नाक बिळात गेलं आणि तिने पटकन पुस्तक मिटलं.

"पुढं काय झालं?" मी विचारलं. राहवलंच नाही.

"पुस्तकाला विचार." तिने पुस्तक माझ्यापुढे धरलं. "आता तू वाच."

मी पिठाचे हात धुतले आणि दोघींच्या मध्ये बसले. पान उलटलं, तर वरच पुन्हा तेच वाक्य. मी भीत नाही. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"चिंबोरी म्हनली," मी वाचलं, "मी भीत न्हाय."

"असं न्हाय गो, सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. "जरा दमानं. न्हा... य."

"परत वाच आई," लेक म्हणाली. आणि मी परत वाचलं.