चौथ्या पानावरची बदली

कायम नोकरीत माणसाला स्वतःची खुर्ची मिळते, खुर्चीवर टॉवेल टाकायचा हक्क मिळतो आणि निवृत्तीला शाल-नारळ मिळतो. आम्हा टेम्पररी लोकांना मिळतात फक्त किस्से! तीन महिने इथे, सहा महिने तिथे. एका ऑफिसातली गंमत जुनी व्हायच्या आत आपण दुसऱ्या ऑफिसात. अकरा वर्षांत इतके साठलेत की मैत्रिणी चहा गाळायच्या आधीच म्हणतात, "शुभे, कर सुरू!"

तर मी शुभांगी परब, मुक्काम काळाचौकी, धंदा बदली संपादक. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं, कुणाचा पाय मोडला, कुणी मुलाकडे अमेरिकेला गेलं, की मला फोन येतो. 'बदली' हा शब्द माझा नाही, बाबांचा. बाबा लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कायम असलेला एखादा माणूस आला नाही, तर त्याच्या मागावर काम करायचं. कायम व्हायच्या आत गिरणीच गेली.

त्यामुळे माझी नोकरी बाबांना कधी समजावून सांगावी लागली नाही. त्यांचा प्रश्न एकच. मी काम केलेलं पुस्तक घरी आलं की ते कव्हर उलटतात आणि थेट चौथं पान काढतात. तिथे प्रकाशक, मुद्रक, संपादक अशी सगळी नावं असतात. त्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवतात आणि विचारतात, "तुझा नाव खंय आसा गो?"

नसतंच. संपादक म्हणून नाव छापतात ते कायम माणसाचं, मग तो रजेवर का असेना. अकरा वर्षं मी हसून "पुढच्या वेळी हं बाबा" म्हणत आले. हसत होते, पण दर वेळी मला वाईट वाटायचं. आता किस्से ऐका.

*

दादरच्या एका दैनिकात रविवारच्या पुरवणीवर होते. तिथे वयस्कर नामवंतांचे मृत्युलेख आधीच लिहून ठेवायची पद्धत आहे. माणूस गेला की फक्त तारीख टाकायची. मला सांगितलं, गिरगावात राहणाऱ्या एका जुन्या नटाचा लेख अपुरा आहे, फोन करून माहिती तपासून घे. आणि कळू देऊ नकोस!

मी फोन लावला. म्हटलं, "आम्ही आपल्यावर एक विशेष लेख करतोय."

पलीकडून खर्जातला आवाज आला, "मृत्युलेख ना? वाच."

मी विषय बदलून पाहिला! पण आजोबा ऐकेनात. शेवटी वाचला. पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, "भाषा बरी आहे गं तुझी. पण शेवटी फार घाई केलीयस."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन यायचा. ही भूमिका राहिली, ते नाटक खटकतंय, 'अजरामर' शब्द दोनदा आलाय. माझी मुदत संपली, लेख सतरा वेळा सुधारला गेला आणि आजोबा अजून ठणठणीत आहेत. मागच्या महिन्यात म्हणाले, "आता इतका चांगला झालाय की मरायला हरकत नाही. पण मग मी वाचणार कधी?"

*

परळला एका न्यूज पोर्टलवर चार महिने काढले. तिथल्या आमच्या हेडचा एकच मंत्र होता. प्रत्येक बातमीच्या मथळ्याची सुरुवात 'धक्कादायक!' पाहिजे. महापालिकेची बैठक धक्कादायक, कांद्याची आवक धक्कादायक, दहावीचा निकाल धक्कादायक.

मी दोनदा समजावलं. "सर, वाचकाला आता धक्का बसेनासा झालाय."

"मॅडम, तुम्ही पुस्तकवाल्या. तुम्हाला डिजिटल कळत नाही."

बरं म्हटलं! दुसऱ्या दिवशी घरून ऑफिसला येताना जे घडलं, तेच चार ओळींत लिहिलं आणि मथळा दिला: 'धक्कादायक! बस वेळेवर आली.'

त्या आठवड्यात पोर्टलवर सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी तीच! खाली लोक एकमेकांना विचारत होते, "खरंय का?" "कुठल्या स्टॉपवर?" एकाने तर फोटोचा पुरावा मागितला. सरांनी सगळ्यांसमोर माझं अभिनंदन केलं. पण गंमत कुठे होती, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

*

आता घरचा किस्सा. आमच्या मंडळाची गणपतीची स्मरणिका दर वर्षी एक कदम काका काढतात. एके वर्षी ते ऐन वेळी गावाला अडकले आणि मंडळाच्या अध्यक्षांनी मला हाक मारली. अध्यक्ष म्हणजे आमच्याच मजल्यावरचे बंड्याकाका.

जाहिराती झाल्या, आरत्या झाल्या, घोडं अडलं ते कार्यकर्त्यांच्या यादीवर. एकशे बारा नावं! प्रत्येकाला वर यायचंय. वयाने लावली तर तरुण रुसले, कामाने लावली तर म्हातारे उठून गेले. एकाने टेबलावर हात आपटून सांगितलं, "माझं नाव राण्याच्या खाली आलं, तर यंदा मी मूर्तीला खांदा देणार नाय!"

मी ती यादीच फाडली. मधोमध बाप्पाचा फोटो घेतला आणि भोवती गोल रिंगणात सगळी नावं बसवली. रिंगणाला ना वर, ना खाली. ना पहिला, ना शेवटचा. सगळे ते पान बघायला पुढे सरकले.

मग बंड्याकाका डोळे बारीक करून म्हणाले, "पण शुभा, माझं नाव पायाकडे आलंय."

"काका," मी म्हटलं, "बाप्पाच्या पायाशी जागा मिळावी म्हणून लोक तासन्‌तास रांग लावतात. तुम्हाला घरबसल्या मिळाली!"

बंड्याकाका उठले, ते पान हातात घेतलं आणि चाळीत दारोदार दाखवून आले. संध्याकाळी माझ्या दाराशी चौदा जण उभे. सगळ्यांना पायाशी यायचं होतं!

ह्या सगळ्यात संपादक म्हणून माझं नाव टाकायचं राहिलंच. रिंगण भरलं होतं. बाबांनी स्मरणिका उलटीपालटी करून पाहिली आणि काही न विचारता टीव्हीवर ठेवून दिली. त्या दिवशी त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

*

खरी मजा मात्र गिरगावच्या प्रकाशनात. तिथल्या संपादक केतकी जोशी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या खुर्चीत मी बसले. मालकीण माई. वय पंच्याहत्तर, पाठ ताठ, हातात हिरव्या शाईचं पेन. हिरवी शाई वापरायचा अधिकार फक्त माईंना. आम्ही लाल पेनाने एखादा शब्द कापला आणि माईंनी त्याच्याखाली हिरवी टिंबं दिली, की त्याचा अर्थ 'राहू द्या'. मग तो शब्द राहतो. त्यावर चर्चा नाही, अपील नाही. कौतुक माईंनी आयुष्यात कुणाचं केलेलं नाही. हिरवं काही दिसलं नाही, तर काम बरं झालं असं समजायचं.

पहिलंच पुस्तक आलं ते एका निवृत्त साहेबांचं आत्मचरित्र. सातशे पानं! साहेबांनी बजावलं, "बाई, एक शब्द कापायचा नाही. प्रत्येक शब्द मी जगलोय."

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. पुस्तक पुढे जाण्याआधी कुणीतरी मोठ्याने वाचतं आणि दुसरा समोर कागद धरून ऐकतो. मी म्हटलं, "साहेब, आमच्या रीतीप्रमाणे वाचन व्हायला हवं. आपल्याइतकं छान कोण वाचणार?"

साहेब खुलले. दुपारचं जेवण झालेलं, वर पंखा फिरतोय. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पानं लावणारा आमचा पीटर. साहेबांनी सुरुवात दणक्यात केली. पहिलं प्रकरण बालपण. दुसरं प्रकरण शिक्षण. तिसऱ्यात पहिली बदली. चौथ्यात दुसऱ्या बदलीच्या गावचं हवामान आलं आणि साहेबांचा आवाज हळूहळू खाली गेला. मी मान वर करून पाहिलं, तर लेखक स्वतःच झोपलेला!

आम्ही हललो नाही. दहा मिनिटांनी साहेब दचकून जागे झाले. आमच्याकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "कापा."

पुस्तक दोनशे साठ पानांचं झालं आणि छान चाललं. प्रस्तावनेत साहेबांनी लिहिलं, 'केतकीताईंनी निर्दयपणे कात्री चालवली, त्यांचा मी ऋणी आहे.' केतकीने घरून फोन केला. "शुभांगी, हे काय गं? मी बाळाची नखंसुद्धा घाबरत घाबरत कापते!"

*

आता पीटरबद्दल. पीटर गिरगावातच वाढलेला, पस्तीस वर्षं पानं लावतोय. त्याची एक सवय आहे. चौथ्या पानावर संपादकाची जागा तो कधीच कोरी ठेवत नाही. "जागा रिकामी सोडली की खालचं सगळं वर चढतं," म्हणतो. म्हणून तात्पुरतं एक नाव टाकून ठेवतो. मी आल्यापासून तो तिथे टाकतो 'शुभांगी परब'.

"माझंच का रे?"

"मापाचं आहे. ना लांब, ना आखूड. पुढे कुणाचंही बसतं."

म्हणजे बघा! प्रत्येक पुस्तकात शेवटच्या प्रुफापर्यंत माझं नाव असतं. आणि शेवटच्या प्रुफात ते लाल पेनाने कापून वर केतकीचं लिहायचं, हे माझंच काम! गिरगावात मी असं स्वतःला सहा वेळा कापलं. सवय झाली होती, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल.

*

सातवं पुस्तक माझ्या मुदतीतलं शेवटचं. लालबागला गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईंच्या आठवणी. त्यांनी सांगितलेल्या, कुणीतरी लिहून घेतलेल्या. लिहून घेणाऱ्याने त्या इतक्या सजवल्या होत्या की खानावळीत जेवायला माणसं बसल्यासारखं वाटेना, लग्नाची पंगत वाटे. एका पानावर तर 'शंभर कामगार एकाच वेळी हसतखेळत भोजन करीत' असं होतं.

बाबा गिरणीच्या दिवसांत तिथेच जेवायचे, म्हणून मी ते पान घरी त्यांना वाचून दाखवलं. बाबा ताडकन म्हणाले, "खोटा! खोली केवढी, आणि शंभर माणसा बसतली खंय? पाळ्ये तीन होते. पयलो उठलो की त्याच जाग्यार दुसरो बसा. माझी तर तीवय जागा ठरलेली नाय. बदलीवालो मी. जो इलो नाय, त्याच्या पाटार बसा."

मी दुसऱ्या दिवशी त्या बाईंकडे गेले. म्हटलं, "आजी, परत सांगा. पण जसं बोलता तसंच." तीन आठवडे रोज गेले आणि पुस्तक पहिल्या पानापासून नव्याने उभं केलं. बदलीवाल्यांच्या पाटाचं एक प्रकरणच झालं.

शेवटचं प्रुफ केलं. चौथ्या पानावर आले. लाल पेन उचललं, नेहमीसारखी 'शुभांगी परब'वर आडवी रेघ मारली, वर 'केतकी जोशी' लिहिलं आणि गठ्ठा माईंच्या टेबलावर ठेवून घरी गेले. खरं सांगते, त्या दिवशी ती रेघ मारायला नको वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी पुस्तकं आली. मी सवयीने चौथं पान उघडलं. आणि तिथे छापलेलं होतं, संपादन: शुभांगी परब.

वाटलं, दुरुस्ती करायची राहिली. माझी चूक, हजार प्रती! धावत पीटरकडे गेले. तो शांतपणे उठला, कपाटातून प्रुफाचा गठ्ठा काढला आणि चौथं पान माझ्यापुढे धरलं. माझ्या नावावर माझी लाल रेघ होती. वर लिहिलेल्या केतकीच्या नावावर हिरवी काट होती. आणि माझ्या नावाखाली, एका सरळ ओळीत, हिरवी टिंबं.

बाकी एकशे नव्वद पानांवर हिरवं काहीच नव्हतं.

मी माईंच्या केबिनमध्ये गेले. ते पान त्यांच्यापुढे धरलं. माईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय आहे? काम नाही वाटतं तुला?"

केतकीला फोन लावला, तर ती म्हणाली, "मला माईंनी आधीच विचारलं होतं. मी म्हटलं, मी तर त्या दिवसांत अंगाई गात होते!"

पुस्तक घरी आणलं आणि बाबांच्या हातात दिलं. त्यांनी कव्हर उलटलं, चौथं पान काढलं, बोट वरून खाली यायला लागलं आणि एका ठिकाणी थांबलं. बोट तिथेच राहिलं. आई आतून "जेवून घ्या" म्हणून दोनदा ओरडली. बाबांनी विचारायचं काही उरलं नव्हतं.

चार दिवसांनी मी जिन्याने वर येत होते. गॅलरीत बाबा खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर पुस्तक उघडं. बाजूला बंड्याकाका.

"काय रे परबा," बंड्याकाकांनी विचारलं, "पुस्तक कसा आसा?"

"बरा असतला," बाबा म्हणाले. "मी अजून चवथ्या पानाच्या फुडे जावक नाय."