मुंगीच्या वरच्या ओळी

अगं ए नातबाई, जरा इकडे ये बघू. जवळ असतीस तर आधी कान धरला असता आणि मग चहा दिला असता. लांब आहेस म्हणून वाचलीस. विचारायची ही काय रीत झाली? सकाळी सकाळी फोनवर एक ओळ पाठवलीस, "आजी, ह्याच्या मित्राच्या कर्जाला आम्ही जामीन राहतोय, ठीक आहे ना?" आणि शेवटी एक हसरं तोंड. म्हणजे विचारलंसही आणि ठरवूनही बसलीस. हिंजवडीहून विश्रांतवाडी काही परदेशात नाही. पण दोन बोटांनी निरोप टाकला की तुम्हाला माणसाला भेटून आल्यासारखं वाटतं.

तुझ्या एका ओळीला मला एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसले. तुझे आजोबा बाहेरच्या खोलीत मॅच बघतायत. आवाज बारीक केलाय, म्हणजे कान इकडेच आहेत. कारण ही गोष्ट त्यांची आहे.

तू तेव्हा बालवाडीत जात होतीस. आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहायचो आणि हे आत्ताचं घर घ्यायचं चाललं होतं. इसार देऊन झाला होता. आजोबांची कारखान्यातली नोकरी थोडीच वर्षं उरलेली. कर्ज मिळालं तर तेव्हाच मिळणार, पुढे कोण देतंय. सदाशिव पेठेतल्या एका बँकेत आम्ही चौकशीला गेलो, तर टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आणखी कुठे जामीन आहात का? असलात तर आत्ताच सांगा. नंतर सांगाल तेव्हा आम्हाला ते आधीच कळलेलं असेल." आजोबा म्हणाले, नाही हो, कुठेच नाही. आणि ते तेव्हा खरंच होतं. जामीन राहिलेल्या माणसाला बँक कर्ज कमी करून देते, हेही त्या गृहस्थांनी सांगून ठेवलं. कमी करून दिलं असतं तर हे घर गेलं असतं आणि इसारही बुडाला असता, एवढं साधं गणित होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. तू चर्चमध्ये वाढलीस, तुला सांगायला नको, त्या दिवशी माणूस बाहेर येतो तो कसा मऊ झालेला असतो. भाकर घेतलेली, प्याला घेतलेला, वर्षभराचे रुसवे पोटात विरघळलेले. आणि नेमका तोच मुहूर्त आपली माणसं मागायला धरतात. चर्चच्या अंगणातल्या त्या अशोकाच्या झाडाखाली किती जणांनी किती जणांना हो म्हटलंय, त्याचा हिशेब प्रभूकडेच असेल. आम्हा बायकांना हे ठाऊक असतं. त्या रविवारी कोणी काही मागितलं की आम्ही "बघते हं" म्हणतो आणि चपला शोधायला लागतो. पुरुषांना चपला लगेच सापडतात.

आजोबांचे एक मित्र होते, क्वायरमध्ये त्यांच्या शेजारी उभे राहून खालच्या पट्टीत गायचे. तू त्यांना खडकीचे आजोबा म्हणायचीस, त्यांच्या खिशात कायम तुझ्यासाठी लिमलेटची गोळी असायची. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी झाडाखाली आजोबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, पतपेढीचं कर्ज काढतोय, तू जामीन राहा. आजोबांनी तो हात दाबला आणि म्हणाले, "हे काय विचारणं झालं?" झालं. मी तेव्हा महिला मंडळाच्या बायकांशी बोलत होते. मला रिक्षात बसल्यावर कळलं.

मी घरी येईपर्यंत गप्प बसले. ह्यांना माझं बोलणं चालतं गं, गप्प बसणं सोसत नाही. ताटावर बसल्यावर म्हणाले, "मैत्रीत एवढंही करायचं नाही का?" मी म्हटलं, जेवा.

दुपारी मी संडे स्कूलची तयारी करायला पवित्र शास्त्र, आपलं बायबल, उघडलं. पुढच्या आठवड्यात मुंगीचा पाठ होता. हा पाठ मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आले. आळशी माणसा, मुंगीकडे जा, ती उन्हाळ्यात धान्य साठवते, वगैरे. पोरांकडून मुंगीची चित्रं रंगवून घ्यायची. कोणी ती हिरवी करायचं, कोणी तिला दप्तर काढायचं. माझं बोट सवयीने मुंगीवरच जायचं आणि तिथून खाली यायचं. त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हतं, बोट जरा वर पडलं. आणि मुंगीच्या अगदी डोक्यावर, त्याच पानावर, त्या शहाण्या राजाने आपल्या मुलाला काय सांगून ठेवलंय? की बाबा, दुसऱ्यासाठी जामीन राहून बसला असशील, शेजाऱ्याच्या हातावर हात दिला असशील, तर आपल्याच शब्दांत अडकलास. आता ताठा ठेवू नकोस. जा, नमतं घे, त्याच्या मागे लाग, झोपायच्या आधी सुटून ये, हरिणी जाळ्यातून सुटते तशी.

मी दोनदा वाचलं. इतकी वर्षं सगळ्यांना मुंगी पाठ आहे. आपल्या भिंतींवर तिच्या ओळी भरतकाम करून लावलेल्या आहेत. आणि तिच्या वरच्या ओळी कोणी वाचून दाखवल्याचं मला आठवेना. बचत करा हे सांगणं सोपं असतं गं, त्यात कोणाला नाही म्हणावं लागत नाही.

मी शास्त्र तसंच उघडं घेऊन ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"मी शब्द दिलाय," म्हणाले.

"त्याचंच लिहिलंय तिथे."

"शेजाऱ्यावर प्रीती कर असंही लिहिलंय."

"प्रीती कर म्हटलंय," मी म्हणाले, "सही कर म्हटलेलं नाही."

"तो काय म्हणेल?"

"जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं. त्याला नमतं घेणं म्हणतात."

ह्यांनी शास्त्र मिटलं. मग उठून शर्ट घातला. मीच घाई केली, कारण पतपेढीचे कागद सोमवारी सकाळी द्यायचे होते. सही झाली की मग शास्त्रालाही काही करता आलं नसतं.

स्कूटरवरून खडकीला गेलो. मी मुद्दाम रिकाम्या हाताने गेले. मिठाई नेली असती तर ती लग्नाची झाली असती, आणि फळं नेली असती तर आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं झालं असतं. त्यांनी दार उघडलं ते हसतच. "काय रे, पगाराची स्लिप आजच घेऊन आलास?" आजोबा म्हणाले, "नाही, सहज." आणि मग ते सहज सुरू झाले. खडकवासल्यात पाणी किती आहे, नाताळाची गाणी ह्या वर्षी लवकर बसवायला हवीत, पाळकसाहेबांचा संदेश लांबला का. चहा आला, चहा संपला. मी कपाच्या तळाशी बघत बसले. मला वाटलं आता हे पाण्यावरून थेट घरीच जातात.

मग एकदम म्हणाले, "मला जामीन राहता येणार नाही. सकाळी हो म्हणालो ते चुकलं. तू मला मोकळं कर."

खडकीच्या आजोबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "सकाळी एका मेजावर होतो आपण."

"होतो."

"संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही."

मला वाटलं हे आता रागावतील किंवा वितळतील. दोन्हींतलं काहीही झालं असतं तर आम्ही हरलो असतो. पण हे खुर्चीवरून उठले, मित्राच्या बाजूला जाऊन बसले आणि म्हणाले, "माझं घर अजून माझं झालेलं नाही रे. जे माझं नाही ते मी तुझ्यासाठी गहाण कसं ठेवू? तू मोकळं केल्याशिवाय मी इथून उठत नाही. तुझ्या सोफ्यावर झोपेन." 

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको, आमच्या वहिनी, बोलल्या. त्या तोवर आत भांडी घासत होत्या, निदान तसा आवाज येत होता. म्हणाल्या, "करा हो मोकळं त्यांना. मला कोणी विचारलं होतं का, लॉनवर लग्न हवंय म्हणून? नवऱ्या मुलाच्या घरचेसुद्धा म्हणाले, चर्चच्या हॉलमध्ये करा. यांनाच घोडागाडी पाहिजे."

"एकच मुलगी आहे," ते म्हणाले.

"म्हणून तर म्हणते. तिच्या लग्नाचे हप्ते तिची पोरं शाळेत जाईपर्यंत भरायचे का?"

मग मी तोंड उघडलं. वाटेत स्कूटरवर मागे बसून मी एक ठरवून आले होते. माझी भिशी लागायची होती त्या महिन्यात. मी वहिनींना म्हटलं, ही भिशी मुलीला माझ्याकडून. उसनी नाही, परत मागणार नाही, कागद नाही. आणि महिला मंडळ स्वयंपाक करेल, मंडळाची पातेली कोठीत रिकामीच पडली आहेत. आपलं हे शास्त्र नीट बघ, ते हात आखडायला सांगत नाही. हातात असलेलं दे, म्हणतं. उद्याचं, जे अजून हातात आलंच नाही, ते दुसऱ्याच्या नावाने लिहून देऊ नकोस, एवढंच म्हणतं. भिशी गेली तर मला एक कपाट उशिरा घ्यावं लागणार होतं. सही गेली असती तर छप्पर गेलं असतं.

खडकीच्या आजोबांनी शेवटी "बरं" म्हटलं, पण हात दिला नाही. लग्न हॉलमध्ये झालं. बिर्याणी आम्ही केली, थोडी खाली लागली, तरी पातेली पुसून गेली. ते मात्र क्वायरमध्ये दुसऱ्या टोकाला उभे राहायला लागले. खालची पट्टी दोन कडांना विभागली, मधल्या तरुण मुलांना बिचाऱ्यांना कोणाकडे बघून गायचं ते कळेनासं झालं. मला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. मग एका संध्याकाळी खडकीचे आजोबा स्कूटर घेऊन दारात. आत न येताच म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, मंडळाचं एक झाकण आमच्याकडेच राहिलंय, माझ्या बायकोने रोज बोलून जीव खाल्लाय." आजोबा म्हणाले, "झाकण ठेव आणि आत ये." आत आले. दोघं रात्री जेवूनच उठले.

आता तू म्हणशील, आजी, त्यांनी सगळे हप्ते वेळेवर फेडले असते तर? फेडले असते, बहुतेक. माणूस प्रामाणिक होता. तुझ्या नवऱ्याचा मित्रही असेल, मी त्याला वाईट म्हणत नाही. पण हप्ता चुकवणारे सगळेच लबाड नसतात गं. नोकरी जाते, आजारपण येतं, धंदा बसतो. जामीन राहताना त्याचा स्वभाव बघू नकोस, त्याचं दुर्दैव आपल्याला पेलेल का ते बघ. तुमच्या फ्लॅटचं कर्ज अजून मंजूर व्हायचंय. बाळाचं बघायचं म्हणतेस. त्या दोन्हींच्या पुढे तिसऱ्याचं नाव बसवून ठेवू नकोस.

बाहेरून आजोबा म्हणतायत, "तिला सांग, नवऱ्याशी भांडू नको म्हणावं. नाही म्हणणं किती जड असतं ते मला विचार म्हणावं त्याला." ऐकलंस? मी म्हटलं होतं ना, कान इकडेच आहेत.

सही अजून झालेली नसेल तर ह्या शनिवारी दोघं या. मित्रालाही आणायचा असेल तर आणा, त्याच्यासमोर बोलायला आम्हाला लाज नाही. त्याला रोख काय देता येईल ते आपण चौघं-पाचजण बसून ठरवू, आणि जे देऊ ते देऊन टाकू. जेवायलाच या, मी मटण करते. नातजावयाला सांग, आजोबा नमतं घ्यायला शिकवणार आहेत, आणि ते पोट भरल्यावरच शिकवतात. उशीर करू नका, बाई. लवकर या.