सुंब की वळेसार

विजेची गाडी घेतल्यापासून आमच्या वाडीतल्या लॉरेन्सची झोपच उडाली. पडद्यावर चाळीस टक्के दिसले की एसी बंद, तीसवर गाणी बंद, वीसवर बायको. "आपोलिना, गप ऱ्हंव गो, करंट खाता." कुणाकडे गेला की आधी प्लग बघायचा, मग घरातली माणसं.

शेजारचा सत्यवान डिझेल जीपवाला. सीटखाली काथ्याचा जाड सुंब बाळगून रोज विचारायचा, "काय रे, आज ओढूक बांधूया?"

"माझ्या गाडयेक सुंब लागलो, तर चलत फिरान," लॉरेन्सनं चारचौघांत सांगून टाकलं.

भाचीचं, क्लॉडियाचं लग्न आलं. नवरी चर्चला, म्हणजे आमच्या इगर्जीत, न्यायची ती आपल्याच गाडीतून, असा लॉरेन्सचा हट्ट. नेमकी आदल्या रात्री लाइट गेली आणि गाडी जेमतेम वीस टक्केच भरली. मग यानं डोकं लढवलं. सरळ रस्ता सोडून डोंगरावरचा धरला. "उतारार बॅटरी आपसूक भरता."

उतार लागायचा तर आधी चढावं लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं अर्ध्या चढणीवर, सात टक्क्यांत. आपोलिना उतरली. नवरीही उतरली, पांढरा झगा गुडघ्यापर्यंत धरून चालू लागली. मागून सत्यवान वऱ्हाडाची जीप बैलगाडीच्या चालीनं आणत होता. हॉर्न दिला नाही. नुसता हसत होता.

पुढच्या उतारानं काही भरलं नाही; एका टक्क्यावर इगर्ज गाठली. लग्न लागलं. नवरा-नवरी येऊन गाडीत बसली, पण चाक काही हलेना.

सत्यवान सुंब खांद्यावर टाकून उभा राहिला. लॉरेन्स इगर्जीच्या क्रुसाकडे बघत बसला.

"बांध रे," आपोलिना म्हणाली. तिनं अंबाड्यातला अबोलीचा वळेसार सोडला आणि सुंबावर गुंडाळायला घेतला. मग बाकीच्या बायकांनीही आपापले सोडले. बघता बघता सुंब दिसेनासा झाला.

पुढे बँड, मागे जीप, मग फुलांचा दोर, आणि लॉरेन्स स्टेअरिंगवर ताठ बसलेला. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, नवी फॅशन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवानानं अडवलंच. "काय रे, आता चलत फिरतलंस मां?"

"कित्याक? सुंब खंय लागलो? तो वळेसार होतो," लॉरेन्स म्हणाला आणि सत्यवानाच्याच पडवीतल्या प्लगला वायर लावली.