“माझं लग्न कुठं झालंय?”

नारपोलीतल्या आयांनो, विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननाचा धडा आपली शाळा दरवर्षी “घरी वाचा” म्हणून सोडून देते. घरी तो कुणीच उघडत नाही.

आज दुपारी शेजारची दहावीतली मुलगी आईसोबत दवाखान्यातून थेट माझ्याकडे आली. तिची पाळी चुकली, तेव्हा आईला वाटलं, लूमसाठी सुताच्या कांड्या भरून पोरीला अशक्तपणा आलाय. ती तिला खजूर चारत राहिली. पोरीला दिवस गेलेत, हे आज कळलं.

मुलगी मलाच विचारते, “मावशी, पण माझं लग्न कुठं झालंय? मग पोर कसं होईल?”

ती खरंच विचारत होती. लग्न झालं की मूल होतं, एवढंच आपण तिला सांगितलंय.

आई म्हणाली, “ताई, शाळा बंद करते. गावी मामाकडं धाडते हिला.”

मी म्हणाले, “धाडून तर बघ! दारात आडवी पडेन. ही दहावीची परीक्षा देणार.”

सांगायचं टाळलं आपण आणि शाळा सुटणार तिची? मी हे होऊ देणार नाही.

शनिवारी पालकसभा आहे. सगळ्या या, आणि हा धडा वर्गात कधी शिकवणार, ती तारीख मुख्याध्यापकांकडून घेतल्याशिवाय उठू नका.